धरण भरलंय, मग पाणी मोजून का?

प्रश्न : मुळा धरण तुडुंब भरलं की वाटतं, वर्षाची चिंता मिटली. तरी आवर्तनं मोजूनमापून मिळतात. शिवाय खाली जायकवाडीलाही पाणी सोडा म्हणतात. पाऊस आमच्या डोंगरावर पडतो, धरण आमच्या तालुक्यात. मग हा हिशेब कसला?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : प्रश्नातला राग समजण्यासारखा आहे, पण आधी आकडे पाहू. मुळा धरण 26 टीएमसीचं. त्यातलं साडेचार टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दाराखाली राहणारं पाणी. उरले साडेएकवीस. त्यातून नगर शहर आणि एमआयडीसीचा वाटा आधी बाजूला काढायचा. उन्हानं उडून जाईल तेही वजा करायचं. त्यानंतर शेतीचं पाणी ठरतं, आणि तेही पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं असतं, कारण दिवाळीनंतर धरणात नवीन आवक जवळजवळ नसतेच.

आवर्तनं किती आणि कधी, यावर कालवा सल्लागार समितीची बैठक गाजते. 'थोडं थोडं, पण वरचेवर सोडा' ही मागणी ऐकायला बरी वाटते. अडचण अशी, की प्रत्येक आवर्तनाला कोरडा कालवा आधी स्वतःच पाणी पितो, मग पुढे सोडतो. आवर्तनं जितकी जास्त, तितकं पाणी वाटेतच मुरणार आणि टेलचा शेतकरी तेवढाच कोरडा राहणार. मुरलेलं पाणी विहिरींना लागतं हे खरं, पण ते कालव्यालगतच्या विहिरींना. त्यात ऊस बारमाही उभा, कांदा-गव्हाला ठरावीक वेळीच पाणी हवं. सगळ्यांना खूश करणारं वेळापत्रक मला तरी अजून दिसलेलं नाही.

आता जायकवाडी. धरण तालुक्याचं असलं तरी पाण्याचा हिशेब खोऱ्याचा होतो. 2005च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानुसार टंचाईची झळ खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी सारखी सोसायची. मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणाने 2014 मध्ये आदेश काढला. त्यानुसार 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या वर असेल, तर वरून काही सोडायचं नाही. कमी असेल तर तक्त्याप्रमाणे सोडायचं. म्हणजे दरवर्षी पाणी जातं, हा समज चुकीचा. पाऊस रुसला त्या 2023 मध्ये मात्र नगर-नाशिकच्या धरणांतून मिळून सुमारे 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला.

दुसरा गैरसमज टक्क्यांचा. जायकवाडीचा वापरायचा साठा सुमारे 76 टीएमसी. तिथले दहा टक्के म्हणजे साडेसात टीएमसीहून जास्त, मुळेचे दहा टक्के म्हणजे जेमतेम दोन. बातमीत नुसते टक्के आले, तर टीएमसी विचारून घ्यावेत.

सोडलेलं सगळं पाणी पैठणला, म्हणजे जायकवाडीला, पोचत नाही, हे मात्र खरं. कोरडं पात्र पाणी ओढून घेतं. म्हणूनच सोडण्याआधी केटी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात आणि नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात, आणि भांडणं बहुधा तिथेच पेटतात.

राहता राहिलं 'आमचं पाणी'. मुळा नेवासे तालुक्यात प्रवरेला मिळते, प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीला. तिथून पुढे नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, फुगवटा. नेवासे-शेवगावचे कित्येक शेतकरी याच फुगवट्यावर मोटारी लावून आहेत, आणि जायकवाडी भरावी असं त्यांनाही वाटतं.