ऐकू येते, पण उमगत नाही

घरातले कुणी वारंवार "आवाज येते, पण काय म्हणता ते समजत नाही" असे सांगत असेल, तर "लक्षच देत नाहीत" म्हणून त्यांच्यावर चिडू नका. तक्रार खरी असते. तिचे मूळ बहुतेक वेळा कानाच्या सर्वांत आतल्या भागात सापडते.

कानाच्या पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे असतात. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड. ते आतल्या कॉक्लिया नावाच्या वेढेदार नळीतला द्रव हलवते. ही नळी उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर भरेल, पण तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. नळीच्या तोंडाशी बारीक, उंच स्वर टिपले जातात आणि टोकाशी जाड, खालचे. ध्वनीची लाट या नळीतून कशी जाते हे दाखवणाऱ्या बेकेशी यांना 1961 मध्ये नोबेल मिळाले.

वय, गोंगाट आणि काही औषधे यांचा पहिला मार नळीच्या तोंडाजवळच्या पेशींवर बसतो. ऐकण्यातले उंच स्वर आधी जातात, आणि स, श, थ, फ ही व्यंजने त्याच पट्टीत येतात. 'साठ', 'पाठ' आणि 'काठ' मग एकसारखेच वाटू लागतात. अशा माणसाच्या कानाशी ओरडून उपयोग नसतो, उलट शब्द आणखी फाटतात. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोला.

आपल्याकडे गोंगाट काही कमी नाही. राईस मिल, मळणीचे थ्रेशर, वरातीतला डीजे, आणि शंकरपटाच्या रात्री पहाटेपर्यंत चालणारे झाडीपट्टीचे नाटक. नाटक सोडा असे मी म्हणणार नाही, म्हटले तरी कोण ऐकणार? भोंग्यापासून लांब बसा, एवढेच. 85 डेसिबलच्या जागी आठ तास काम ही सर्वसाधारण मर्यादा मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पाव तास. दुसऱ्या दिवशी कानात सूं-सूं येते आणि थांबते, तेव्हा वाऱ्याने लोळलेले धान उभे राहावे तशा या पेशी सावरत असतात. पण दरवेळी सावरत नाहीत, आणि बांधीत दुबार रोवणी होते तशी कानात होत नाही. गेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. मिलमध्ये काम करणाऱ्यांनी कानात साधा कापूस कोंबून भागत नाही. फोमचे इअरप्लग घ्या, स्वस्त मिळतात.

हिवतापाच्या या गडचिरोली जिल्ह्यात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. क्विनाइनने कानात आवाज येतो आणि ऐकू कमी येते, पण ते बहुधा औषध थांबल्यावर सुधारते. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन या इंजेक्शनांनी झालेले नुकसान मात्र सहसा कायमचे असते. अशी इंजेक्शने चालू असताना आवाज येऊ लागला, तर औषध मनाने बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगा.

आता तपासणी. आधी डॉक्टर उजेडात कान पाहतात. कित्येकदा नुसता मळ दाटलेला असतो किंवा पडद्याला छिद्र असते. कान वाहत असेल तर तेल ओतून घरी उपाय करत बसू नका. मग 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कानासमोर आणि कानामागच्या हाडावर धरून दोष कुठे आहे याचा अंदाज घेतात. खरे माप मात्र ऑडिओमेट्रीनेच निघते. शांत खोलीत हेडफोन लावतात. 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे स्वर कमी-जास्त आवाजात वाजवतात, आणि जो सर्वांत हळू आवाज ऐकू येईल तो आलेखावर टिपतात, उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने. हाडावर कंपक लावून ऐकू येते आणि हेडफोनने कमी, असे दिसले तर अडचण पडदा-हाडांची. दोन्हीकडून सारखेच कमी असेल तर आतल्या कानाची किंवा नसेची. गोंगाटाचे बळी ओळखणे सोपे असते, त्यांचा आलेख 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यासारखा खचतो.

शब्द ऐकवूनही चाचणी होते. घरात गोंडी किंवा छत्तीसगढी बोलत असाल तर ते आधीच सांगा, नाहीतर मराठी शब्द न कळणे बहिरेपणाच्या खात्यात जमा होईल.

बाळाची परीक्षा थाळी वाजवून होत नाही. ते हवेचा झोत, सावली, जमिनीचा थरकाप यांनाही दचकते. ओएई ही चाचणी बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते, शंका आली तर पुढे बेरा ही चाचणी करतात. पहिली तपासणी महिन्याच्या आत, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत, म्हणजे भाषा मागे पडत नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले की आवर्जून विचारा.

सुरुवात कुरखेड्याच्या सरकारी दवाखान्यात करा. ऑडिओमेट्रीसाठी गडचिरोलीला जावे लागले, तर जुने कागद आणि चालू गोळ्या सोबत ठेवा. फक्त एका बाबतीत थांबू नका. झोपेतून उठलात आणि एक कान एकाएकी गेला, तर मळ असेल म्हणून आठवडा काढू नका. अशा वेळी स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत दिला तरच लाभाची शक्यता जास्त. त्याच दिवशी निघा.