दगडी भिंत आणि रात्रीची झोप

कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की भवानीनगरच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर रात्रभर धावतात. गेल्या हंगामात सत्तरीचे एक आजोबा दवाखान्यात आले. रक्तदाब वाढलेला, डोळे तांबारलेले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दोन फुटी काळ्या दगडाची भिंत हाय, तरी ट्रॅक्टर उशालाच असल्यागत वाटतंय." मी झोपेची गोळी लिहून दिली. आठवड्याभरात ते रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडले. हाड मोडले नाही, एवढेच नशीब. गोळी बंद केली आणि त्यांचे घर पाहायला गेलो. हे मी आधीच करायला हवे होते.

भिंत भक्कम होती. पण दाराखाली बोटभर फट, खिडकीच्या फळ्या आक्रसलेल्या, वाशांपाशी पत्रा आणि भिंत यांत मोकळी जागा. आवाज हवेवाटे शिरतो. भरीव दोन फुटी दगडी भिंत 50 डेसिबलहून अधिक आवाज अडवते. मात्र तिच्या शंभराव्या हिश्शाएवढी जरी जागा उघडी राहिली, तरी अडतो जेमतेम 20. झोपण्याच्या खोलीत 30 डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोपेत माणूस जागा झाला नाही, तरी आवाजाने नाडी व रक्तदाब वाढतो.

भिंतीला थर्माकोल चिकटवू का, असे मुलाने विचारले. त्याचा उपयोग नाही, ते फार हलके. त्याऐवजी दाराला खाली रबरी पट्टी मारली, भिंतीच्या दरजा व वाशांकडची जागा चुन्याने भरली, खिडकीला जाड काच बसवली. खाटही रस्त्याकडून मागच्या खोलीत हलवली.

सूनबाईंची तक्रार निराळी होती. "मामंजींना बोललेलं कळत नाही, भ्रम झालाय." भ्रम कसला! कान थोडे मंद झालेले, आणि उघड्या दगडावर आदळून शब्द घुमत होते. दोन भिंतींवर जाड गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी घातली. गोधडीने बाहेरचा आवाज अडत नाही, आतला घुमारा मात्र कमी होतो. कानांची तपासणीही करून घेतली.

एक धोका सांगतो. खोली अशी बंद केल्यावर आत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो. वर झरोका राहू द्यावा, रस्त्याच्या उलट बाजूला.

आजोबांची रक्तदाबाची गोळी चालू आहे. झोपेची लागत नाही.