कोड न लिहिता बनवलेले ॲप : राहावे की निघावे?

प्रश्न : कोड न लिहिता ॲप बनवता येणाऱ्या एका प्लॅटफॉर्मवर मी माझ्या क्लासचे फी-हजेरीचे ॲप तयार केले. आता कंपनीचे सगळे लक्ष एआयकडे. जुन्या त्रुटी तशाच, दर मात्र वाढले. सोडून द्यावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे. २०२३ मध्ये ‘बबल’ या अशाच प्लॅटफॉर्मने सर्व्हरवर पडणाऱ्या कामाच्या मापाने आकारणी जाहीर केली, तेव्हा जुने वापरकर्ते असेच खवळले होते. गूगलने तर ‘ॲप मेकर’ हे आपले असेच साधन जानेवारी २०२१ मध्ये बंदच केले.

तरी रागाच्या भरात निघू नका. अशा बहुतेक ठिकाणांहून डेटा सीएसव्ही फाइलमध्ये मिळतो. स्क्रीन आणि त्यामागचे नियम मात्र नव्याने बांधावे लागतात. म्हणून आधी डेटा उतरवा आणि फाइल उघडून तपासा : कोणती पावती कोणत्या विद्यार्थ्याची, हा संबंध टिकला आहे का? फसगत होते ती इथेच. मग सूट कुणाला, हप्ते कसे, थकबाकीची आठवण कधी जाते, हे सगळे कागदावर लिहून काढा. वार्षिक वर्गणी तूर्त भरू नका, महिन्याच्या दराने राहा.

माझे मत : निघाच, पण परीक्षा संपल्यावर, नव्या प्रवेशांच्या आधी.