पॉइंट थांबतो, फेरी थांबत नाही

कराटेच्या मॅटवरून व्यावसायिक किकबॉक्सिंगच्या रिंगमध्ये जायचंय, असं म्हणणारी पोरं आता कोल्हापुरातही भेटतात. मी त्याच वाटेनं गेलो आणि आज त्यांना शिकवतो. कराटे सोडून यायचं नसतं, ते सोबत घेऊन यायचं असतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. मात्र त्यातलं काय घ्यायचं आणि काय मॅटवरच ठेवायचं, हे आधी ओळखावं लागतं.

१. आधी पाय सांभाळा.

कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, आपण लांब पवित्र्यात उभे राहतो. पुढच्या पायावर भार टाकून झेपावतो आणि ग्याकू झुकी, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारून मागं येतो. तिथं मांडीवर लाथ मारायची मुभाच नाही, त्यामुळे तो पुढं टाकलेला पाय सुरक्षित असतो. रिंगमध्ये समोरच्याला सगळ्यात आधी तोच दिसतो. पहिली लो किक नुसती चुरचुरते. तिसरी-चौथी बसली की मांडी दगडासारखी होते, आणि पुढच्या फेरीत ज्या पायावरून झेप घ्यायची तो पायच उठत नाही.

यातून कुणाचीच सुटका झालेली नाही. जपानमध्ये 1966 साली किकबॉक्सिंग सुरू झालं, तेव्हा तादाशी सावामुरा हा कराटेतला विद्यार्थी-विजेता रिंगमध्ये उतरला. त्याच वर्षी सामार्न या थाई लढवय्यानं त्याला 16 वेळा खाली पाडलं. सावामुरा परतला तो थाई पद्धतीच्या लाथा आणि बचाव शिकून, आणि पुढं त्या खेळाचा जपानमधला सगळ्यात मोठा तारा झाला.

म्हणून माझ्याकडं आलेल्या पोराचा पवित्रा मी पहिल्या दिवशीच आखूड करतो. भार दोन्ही पायांवर, पुढची टाच हलकी. लाथ येताना दिसली की गुडघा उचलून नडगी आडवी धरायची. नडगी टणक करायला काही जण तिच्यावर बाटली घासतात किंवा काठी आपटतात. ते करू नका, हाड दुखावतं आणि शिकायला काहीच मिळत नाही. जड बॅगेवर रोज मोजक्या, नीट लाथा मारा. वेळ लागतो, तो लागू द्या.

२. ठोसा लागला म्हणजे काम झालं, असं धरू नका.

कराटेत ठोसा लागला की पंच ‘यामे’ (थांबा) म्हणतात. झेंडे वर जातात, दोघं आपापल्या जागी परततात. ठोशाला एक गुण, पोटावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन. वर्षानुवर्षं हे केल्यावर अंगाला सवय लागते, की मारलं की क्षणभर सैल व्हायचं. शिवाय हिकिते, म्हणजे दुसरा हात कमरेशी ओढून घेणं, अंगात मुरलेलं असतं. रिंगमध्ये तुमचा ठोसा बसल्यावरचा तोच क्षण सर्वांत धोक्याचा. तुमचा हात कमरेशी, हनुवटी उघडी, आणि समोरच्याचा हुक निघालेला.

यावर उपाय एकच. एकटा ठोसा मारायचाच नाही. दोन ठोसे, मग लो किक, मग बाजूला निघणं, हे सगळं एकाच श्वासात. पॅड धरणाऱ्याला सांगून ठेवा, की शेवटच्या फटक्यानंतर त्यानं दर वेळी तुमच्या तोंडावर पॅड फिरवावा. हात गालाशी परतला नसेल तर तिथल्या तिथं कळतं.

३. अंतराची नजर कुणाला देऊन टाकू नका.

किकबॉक्सिंगच्या जिममध्ये गेलात की तुम्हाला सांगतील, कराटेचं सगळं विसर. अर्धं खरं आहे. पण झेपेच्या एका टप्प्यात किती अंतर तोडता येतं, समोरच्याच्या खांद्यावरून तो कधी निघणार, हे ज्याला मॅटवर कळलं त्याच्याकडं मोठं धन आहे. नुसत्या बॅगेवर वाढलेल्या पोराला ते सहज मिळत नाही.

अँडी हुगचं उदाहरण मी नेहमी देतो. हा स्वित्झर्लंडचा क्योकुशिन कराटेपटू. सेइदोकाइकान या कराटे संघटनेच्या काझुयोशी इशिई यांनी 1993 मध्ये टोकियोत के-वन ही किकबॉक्सिंगची स्पर्धा सुरू केली, त्याच वर्षी हुग तिथं आला. क्योकुशिनमध्ये हातानं तोंडावर मारायची मनाई, त्यामुळे त्याचा ठोशांचा बचाव कच्चा होता. 1994 च्या ग्रांप्रीत पॅट्रिक स्मिथनं त्याला पहिल्या मिनिटाच्या आतच संपवलं. त्याच वर्षी हुगनं त्याची परतफेड केली. पुढच्या वर्षी माइक बर्नार्डोनंही त्याला हरवलं. आणि 6 मे 1996 ला योकोहामात ग्रांप्रीच्या अंतिम लढतीत पुन्हा तोच, त्याच्याहून कितीतरी उंच बर्नार्डो समोर होता. हुगनं गिरकी घेऊन टाचेनं त्याच्या मांडीवर लाथ मारली आणि लढत संपवली. बॉक्सिंग तो शिकलाच, पण विजेतेपद मिळवून दिलं त्या गिरकीनं. 2000 साली रक्ताच्या कर्करोगानं तो गेला, अवघ्या पस्तिशीत. त्याच्या लढती बघताना पोरांनी लाथेच्या आधीची त्याची पावलं बघावीत.

४. दम वेगळा कमवा.

कुमितेचं घड्याळ ‘यामे’बरोबर थांबतं, त्या थांब्यात चार श्वास मिळतात. व्यावसायिक लढतीत तीन मिनिटांची फेरी न थांबता चालते. रंकाळ्याभोवती सावकाश पळून तो दम येत नाही. वाघबिळापासून पन्हाळ्यापर्यंतचा चढ टप्प्याटप्प्यानं वेगात घ्या, मध्ये चाला, पुन्हा वेग घ्या. आणि कोल्हापुरात राहून तालमीचा उंबरा ओलांडला नाही, तर घरातली विहीर सोडून पाण्याला वणवण करण्यासारखं आहे. पैलवानांकडून मान कमवायला शिका. कमावलेली मान ठोसा सोसते आणि क्लिंचमध्ये, म्हणजे अंगाला अंग भिडल्यावर, कुणाला वाकवू देत नाही.

५. खुराक मात्र पैलवानाचा घेऊ नका.

गंगावेशीत समोर काढलेलं म्हशीचं दूध मलाही प्रिय आहे. पण आपल्याला वजनगटात बसायचं असतं. वजन वर्षभर गटाच्या आसपास ठेवा. शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडून उतरवलेलं वजन दुसऱ्या फेरीत पायांतून वसूल होतं, आणि कोरड्या पडलेल्या शरीरानं डोक्यावर मार घेणं जिवावर बेतू शकतं.

६. डोक्यावरचा मार साठत जातो.

सरावात रोज पूर्ण ताकदीनं स्पारिंग करणं म्हणजे शौर्य, असं मानणाऱ्या जिममधून बाहेर पडा. कराटेतल्या ताब्याचा उपयोग इथं होतो: वेग पूर्ण, मार हलका. नॉकआउट झालं असेल, चक्कर, उलटी, उजेड सहन न होणं असं काही असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत ग्लोव्हज घालायचे नाहीत. माझ्याकडं हा नियम कुणासाठी वाकत नाही, पोरगं कितीही रडलं तरी.

७. पैशाचं कागदावर बोला.

आपल्या गावाला खेळाडू पोसायची सवय आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं. 1952 साली खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. किकबॉक्सरच्या मागं अजून असा आश्रय नाही. म्हणून प्रवास कुणाचा, दवाखान्याचा खर्च कुणाचा, वजन किती, समोर कोण, मानधन कधी, हे सही करण्याआधी लिहून घ्या. एका आयोजकानं लढत झाल्यावर माझा फोन उचलणंच बंद केलं होतं. त्याच्या तोंडच्या शब्दापलीकडं माझ्याकडं कसलाच कागद नव्हता.

आणखी एक. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा विचार असेल, तर कोणत्या संघटनेचं, कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं, हे क्रीडा कार्यालयात जाऊन आधी विचारा. व्यावसायिक लढतींच्या भरवशावर राहू नका. कराटे टोकियो ऑलिंपिकमध्ये होतं, 2024 ला पॅरिसमध्ये नव्हतं. किकबॉक्सिंगच्या ‘वाको’ या जागतिक संघटनेला 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली, पण मान्यता मिळणं आणि ऑलिंपिकमध्ये खेळ असणं यात फार अंतर आहे. पदवी पूर्ण करा.

८. कोपऱ्यात कोण उभं राहील, हे तुम्ही ठरवा.

टॉवेल फेकायचा अधिकार ज्याला मनापासून देता येईल, असाच माणूस तिथं हवा. माझ्या एका लढतीला माझे कराटेचे सर कोपऱ्यात होते. किकबॉक्सिंगचे नियम त्यांनी गाडीत येताना माझ्याकडून समजून घेतले होते. पहिल्या फेरीत माझी डावी मांडी चांगलीच सुजली. मी येऊन बसलो, तर हुक-जॅबबद्दल ते काहीच बोलले नाहीत. पाणी पाजलं आणि म्हणाले, “अर्धा फूट पुढं उभा राहायला लागलायस. मॅटवर तू कधी असा उभा राहत नव्हतास.” दुसऱ्या फेरीत मी तेवढा मागं सरलो. समोरच्याची लाथ माझ्या मांडीपुढून गेली, तो अर्धा वळला, आणि तो सावरायच्या आत माझा उजवा सरळ त्याच्या तोंडावर लागला. त्यामागोमाग मी लो किक मारली.