चढावर पळायला शिकताना

माझे गाव सातारा जिल्ह्यात जावळीच्या खोऱ्यात आहे. गावाच्या एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. सपाट जागा म्हणाल तर शाळेपुढचे मैदान आणि नदीकाठचा थोडा रस्ता, एवढीच. बाकी सगळा चढ आणि उतार.

अशा गावात पळायला शिकायचे कसे? हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. कुणाला पोलीस भरतीची तयारी करायची असते. तिथे मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. कुणाला डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितलेले असते. कुणाला नुसती हौस असते. तिघांचीही सुरुवात मात्र एकच आहे. ती या धड्यात सांगतो.

आधी माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

माझी चूक

मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी भरतीची तयारी करू लागला. पोरगा काटक. रोज पहाटे गावातून निघायचा आणि खिंडीपर्यंत चढ पळत जायचा. परत येताना उतारावरून धडाधड खाली यायचा. मी ओट्यावर उभा राहून त्याला ओरडून सांगायचो, "थांबू नको! दम लागला तरी थांबू नको!"

तीन आठवड्यांनी तो म्हणाला, "गुरुजी, नडगी लई दुखतीया."

मी म्हणालो, "सवय नाही म्हणून दुखते. पळत राहा, जाईल."

ते दुखणे गेले नाही. शेवटी पाय टेकवेना, तेव्हा त्याला दवाखान्यात नेले. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली होती. डॉक्टरांनी पळणे बंद करायला सांगितले. त्या वर्षीची भरती हुकली. पुढे घरच्या अडचणी आल्या आणि त्याने तो नाद सोडला. आज तो दुधाचा टेम्पो चालवतो. भेटला की हसून नमस्कार करतो. एका शब्दाने कधी दोष देत नाही. पण चूक माझी होती. मला पळण्यातले काही कळत नव्हते आणि तरी मी सांगत होतो.

निवृत्तीनंतर शेजारच्या गावच्या सुभेदारसाहेबांशी माझी गाठ पडली. त्यांनी लष्करात कितीतरी रंगरूट तयार केले होते. त्यांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगं कच्चं नव्हतं. हाड कच्चं होतं. हाडाला वेळ द्यावा लागतो."

पुढे जे सांगतो, ते मी त्यांच्याकडून शिकलो, डॉक्टरांना विचारून घेतले आणि मग स्वतः करून पाहिले.

चढाला दम का लागतो?

पुष्कळ लोक म्हणतात, "डोंगरावर हवा विरळ असते, म्हणून धाप लागते." आपल्याकडे तसे नाही. महाबळेश्वर समुद्रापासून सुमारे १३७० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर धडधाकट माणसाला हवेची अडचण सहसा जाणवत नाही.

खरे कारण साधे आहे. सपाटीवर आपण अंग पुढे नेतो. चढावर अंग पुढे न्यायचे असते आणि वरही उचलायचे असते. भरलेली बैलगाडी सपाट रस्त्याने ओढणारे बैल चढाला फेस गाळतात, तसेच हे आहे. काम वाढते, म्हणून हृदय आणि फुप्फुसे जोरात चालू लागतात. यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

उतारावर पाय का दुखतात?

उतार सोपा वाटतो. दम लागत नाही आणि पाय आपोआप पळतात. पण पायांना खरा मार बसतो तो उतारावरच.

हिशेब करून पाहा. पळताना दर पावलाला पायावर अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. माणूस ५० किलोचा असेल तर एका पावलाला १०० ते १५० किलो झाले. म्हणजे एक-दीड क्विंटल! हा सपाटीचा हिशेब आहे. उतारावर वेगाने आपटत आलात, तर भार आणखी वाढतो. शिवाय मांडीचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात. अंग खाली पडू नये म्हणून ते ताणलेल्या स्थितीत जोर लावतात. म्हणूनच उतार पळालेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात.

आता महत्त्वाचे ऐका. दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायूही लवकर तयार होतात. हाडे आणि शिरा यांना मात्र महिने लागतात. म्हणजे "आता मला जमते" असे छातीला वाटते, तेव्हा नडगी अजून तयार नसते. माझा विद्यार्थी तिथेच फसला.

सुरुवात कशी करावी?

पहिले दोन आठवडे पळूच नका. आठवड्यातून चार दिवस अर्धा तास झपझप चाला. चढ-उतार असला तरी चालेल.

तिसरा आणि चौथा आठवडा: सपाट जागी जा. एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटे चाला. असे आठ वेळा करा. आठवड्यातून तीनच दिवस.

पाचवा आणि सहावा आठवडा: दोन मिनिटे पळा, दोन मिनिटे चाला. असे सहा वेळा.

सातवा आणि आठवा आठवडा: चार मिनिटे पळा, दोन मिनिटे चाला. असे चार वेळा. तीन दिवसांपैकी एक दिवस हलक्या चढावर जायला हरकत नाही.

नववा आणि दहावा आठवडा: दहा मिनिटे पळा, दोन मिनिटे चाला, पुन्हा दहा मिनिटे पळा.

घड्याळ नसेल तर पावले मोजा. हळू पळताना दीडशे-एकशे साठ पावले झाली की साधारण एक मिनिट होते. एखादा टप्पा जड गेला तर तोच आणखी एक आठवडा करा. मागे राहिलो असे मानू नका.

दोन पळण्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. पायाची झीज त्या दिवशी भरून निघते. भात लावला की रोज उपटून मूळ पाहत नाही ना आपण? तसेच हे.

वेग किती ठेवावा? पळताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. हळू व्हा.

चढ चढताना

पावले आखूड टाका. कमरेत वाकू नका, त्याने छाती दबते. सगळे अंग किंचित पुढे झुकू द्या. नजर पायाशी नको, आठ-दहा हात पुढे असावी. हात मागे-पुढे हलवा, त्याने पायांना जोर मिळतो. दम फार लागला तर चाला. चढावर चालणे म्हणजे हार नव्हे. डोंगरी शर्यतीत तयार गडीसुद्धा उभ्या चढाला चालतात.

उतार उतरताना

पहिले दोन-तीन महिने उतार चालतच उतरा. पुढे पळालात तरी पावले आखूड आणि हलकी ठेवा. गुडघे थोडे वाकलेले असू द्या. मागे रेलून टाचा आपटू नका. पायाचा आवाज जेवढा कमी, तेवढा मार कमी. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर आणि कातळावर पळू नका. मुरमाच्या उतारावर पाय सरकतो, तिथेही जपून.

एवढे सांभाळा

उजाडल्याशिवाय निघू नका. आमच्या भागात गवे आणि अस्वले आहेत. शिवाय अंधारात जनावर पायाखाली येते. कुत्रे अंगावर आले तर पळू नका, थांबा. रस्त्याने पळताना समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून पळा.

जेवल्यावर दोन तास पळू नका. अगदी उपाशीपोटीही नको. एखादे केळे किंवा गूळ-शेंगदाणे पुरेत. बूट भारी नसले तरी चालतील, पण पायाला बसणारे हवेत. फाटक्या किंवा ढिल्या बुटांनी घोटा मुरगळतो.

चाळिशी उलटली असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पळताना छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

बाया-मुलींसाठी एक गोष्ट. थोड्या चढालाही धाप लागते, थकवा जात नाही, तर ते रक्त कमी असल्याचे लक्षण असू शकते. आशाताईंना सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. बाईमाणसाचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे असे समजतात. गरोदरपणात हा आकडा ११ धरतात. आधी औषध घ्यावे, मग पळावे.

दुखणे ओळखा

दुखणे दोन प्रकारचे असते. दोन्ही पायांच्या मांड्या किंवा पोटऱ्या सगळीकडे दुखतात आणि दोन-तीन दिवसांत बऱ्या होतात. हे साधे दुखणे, घाबरू नका.

दुसरे दुखणे एकाच पायात, एकाच जागी असते. बोट ठेवले की कळ येते. पळताना वाढते. पुढे पुढे रात्रीही ठणकते. हे दुखणे हाडाचे असू शकते. हे "पळून पळून" जात नाही. पळणे त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

एका वहीची गोष्ट

माझ्या त्या विद्यार्थ्याला एक धाकटी बहीण आहे. तिनेही भरतीत उतरायचे ठरवले. त्यांची आई आमच्या साक्षरता वर्गात येत होती. त्या माऊलीच्या पोटात भीती होती. ती म्हणाली, "गुरुजी, एकाचा पाय गेला. आता पोरीला न्हाई जाऊ द्यायची."

मला मान वर करवेना. मी म्हणालो, "ताई, तुमचे खरे आहे. पण या वेळी आपण लिहून ठेवू. तुम्ही लिहा."

दिवाळी झाल्यावर मुलीने चालायला सुरुवात केली. आई रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहायची: तारीख, किती मिनिटे पळाली, काय दुखले. अक्षर मोठे आणि वाकडे, पण एक दिवस चुकला नाही. पुष्कळ पानांवर शेवटी एकच शब्द होता, "काही नाही."

तिसऱ्या महिन्यात एका रात्री माऊली वही घेऊन माझ्या दारात आली. त्या पानावर लिहिले होते, "डावी नडगी. एकाच जागी. कालपण."

त्या "कालपण" शब्दाने मला सावध केले. आदल्या दिवशीही तेच लिहिलेले होते. मुलगी म्हणत होती, "काय न्हाई हो गुरुजी, थोडंसंच हाय." तिच्या भावानेही हेच म्हटले होते. आम्ही तिचे पळणे थांबवले आणि दवाखान्यात दाखवले. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलेत. हाडाला सूज आहे, अजून चीर नाही." तीन आठवडे विश्रांती झाली. मग त्यांच्या सांगण्यावरून ती मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू झाली.

पुढच्या भरतीत ती ८०० मीटर न थांबता पळाली आणि मैदानी चाचणी पार झाली. लेखी परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल तो लागो. तिचा पाय शाबूत आहे आणि तो तिच्या आईच्या अक्षराने वाचला आहे.

आपल्याच मातीतली माणसे

आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मोही नावाचे गाव आहे. तिथली लेक ललिता बाबर २०१६ साली ब्राझीलमधल्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे लष्करात भरती झाला. त्याच शर्यतीत त्याने २०२३ साली आशियाई स्पर्धेत सोन्याचे पदक मिळवले. दोघेही खेड्यातलेच.

साताऱ्यात २०१२ सालापासून डोंगरी अर्धमॅरेथॉन भरते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचे, असे सुमारे २१ किलोमीटर अंतर असते. एकदा बघायला जा. त्यात पांढऱ्या केसांची माणसेही दिसतील.

मीही आता आठवड्यातून तीन दिवस नदीकाठच्या रस्त्याने हळू पळतो आणि चढ आला की चालतो. टेम्पो घेऊन जाताना माझा तो विद्यार्थी वेग कमी करतो आणि ओरडतो, "गुरुजी, दम लागला की थांबा बरं का!"

मी थांबतो.

प्रश्न

१. चढावर दम का लागतो?
२. उतारावर पायांना मार का बसतो?
३. दुखणे हाडाचे असेल, हे कशावरून ओळखावे?
४. आईच्या वहीतल्या "कालपण" या शब्दाने गुरुजी सावध का झाले?

हे करा

एक वही घ्या. आज किती मिनिटे चाललात आणि काय दुखले, ते तारीख घालून लिहा. घरातले कुणी पळत असेल तर त्याच्यासाठी लिहा. आठवड्याने सगळी पाने मोठ्याने वाचा.