फवारणीनंतरची चक्कर उन्हाची समजू नका

एप्रिल-मे महिन्यांत सोसायट्यांच्या, बंगल्यांच्या हिरवळीवर पिवळे-तपकिरी डाग पडू लागतात. कीड लागली असं समजून माळीकाकांना ‘औषध मारायला’ सांगितलं जातं. भर उन्हात पाठीवर पंप घेऊन ते फवारतात, तासा-दोन तासांनी त्यांना मळमळतं, दरदरून घाम फुटतो, डोकं गरगरतं. ‘ऊन लागलं’ म्हणून त्यांना सरबत देऊन सावलीत बसवलं जातं. वाचकहो, इथेच धोका आहे. ही कीटकनाशकाची विषबाधा असू शकते.

वाळवी आणि हुमणीसाठी (गवताची मुळं खाणारी अळी) वापरलं जाणारं क्लोरपायरिफॉस हे ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं आहे. ही विषं नसांचे संदेश थांबवणाऱ्या विकराला निकामी करतात. मग लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, उलट्या-जुलाब होतात, छातीत घरघर होते, स्नायू फडफडतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणं ही महत्त्वाची खूण. उष्माघातात मुख्यतः अंग भट्टीसारखं तापतं आणि माणूस बरळू लागतो. पण फरक ओळखत घरी बसू नका. दोन्हींत रुग्णालय गाठायलाच हवं.

हे विष श्वासावाटे जातं तसंच त्वचेतूनही शिरतं. उन्हाने तापलेली, घामेजलेली त्वचा ते अधिक शोषते. गळक्या पंपाने भिजलेला सदरा दिवसभर अंगावर ठेवणं, त्याच हातांनी तंबाखू मळणं किंवा विडी ओढणं म्हणजे विष थेट शरीरात घेणं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला.

त्रास सुरू झाला तर हे करा:
• रुग्णाला मोकळ्या हवेत न्या. स्वतः हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा.
• डोळ्यांत औषध गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा.
• मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका.
• १०८ ला फोन करा. औषधाची बाटली किंवा लेबल डॉक्टरांना दाखवा. वेळेत मिळालेलं अ‍ॅट्रोपिन हे उतारा-औषध जीव वाचवतं.

मुळात फवारणी लागते का, हे आधी पाहा. चालल्यावर गवत पुन्हा उभं न राहता पावलांचे ठसे तसेच राहिले तर त्याला पाणी हवं आहे. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर येतात, मुळं खाणाऱ्या अळ्या त्यानंतर वाढतात. मग कोरड्या उन्हाळ्यात हुमणीसाठी विष ओतून काय साधणार? गवत मुळांपासून सहज उचकटून येत असेल, तर माती खणून अळी किंवा वाळवी डोळ्यांनी पाहा. डाग बुरशीचेही असू शकतात आणि बुरशीला ओलावा लागतो. म्हणून संध्याकाळी रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड पहाटे भरपूर पाणी द्या. गवत थोडं उंच ठेवा, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका.

फवारावंच लागलं तर लेबलवर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेली, जास्त विषारी औषधं टाळा, लेबलवरचं प्रमाण पाळा. वारा नसताना, सकाळीच काम उरका. माळ्याला पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि न गळणारा पंप द्या. काम संपल्यावर त्याला साबणाने अंघोळ करायला जागा द्या आणि ते कपडे वेगळे धुवा. लेबलवर सांगितलेला वेळ होईपर्यंत मुलांना आणि पाळीव प्राण्यांना हिरवळीवर सोडू नका. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका.

उन्हाळ्यात पिवळी पडलेली हिरवळ पावसाळ्यात बहुधा आपोआप सावरते. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पुढच्या सभेत हिरवळीच्या खर्चाबरोबर माळीकाकांच्या हातमोज्यांचा आणि मास्कचा खर्चही मंजूर करा.