घरें बांधण्याचें पाचारण

शाळा सोडण्याचा दिवस जवळ आला म्हणजे 'पुढें काय होणार?' हा प्रश्न विद्यार्थ्यास जो तो विचारूं लागतो. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक हीं उत्तरें ठरलेलीं असतात. त्यांतच एखादा भाविक मुलगा 'देव मला कोणत्या कामास पाचारण करीत आहे?' असें स्वतःस विचारतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें बहुधा उपदेशकाचें व्यासपीठ नाहीं तर मिशनचें इस्पितळ येतें. विटा, सिमेंट आणि कर्जाचे हप्ते कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहींत. परंतु अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत एका वकिलास आपलें पाचारण नेमकें यांतच सांपडलें. त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

मिलर्ड फुलर यांचा जन्म १९३५ सालीं अलाबामा संस्थानांत झाला. कायद्याचें शिक्षण चालूं असतांनाच त्यांनीं एका सहाध्यायाशीं भागीदारी करून व्यापार आरंभिला. ट्रॅक्टरच्या बैठकीवर घालावयाच्या उशा, पाककृतींचीं पुस्तकें, जें खपेल तें त्यांनीं विकलें, आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं ते दशलक्ष डॉलरांचे धनी झाले. घर मात्र ओस पडत चाललें होतें. १९६५ सालीं त्यांची पत्नी लिंडा या संसारास विटून न्यूयॉर्कला निघून गेल्या. फुलर मागोमाग गेले. दोघांनीं एकमेकांजवळ मन मोकळें केलें आणि होतें नव्हतें तें विकून संपत्ति दान करावयाची असें ठरविलें.

उपदेशकांस हा प्रसंग फार प्रिय आहे व पुष्कळजण गोष्ट येथेंच संपवितात. माझ्या मतें खरी गोष्ट येथून पुढें सुरू होते. संपत्ति सोडल्यानें फुलर यांचे हात मोकळे झाले खरे, पण त्या हातांनीं काय करावयाचें हें त्यांस ठाऊक नव्हतें. पुढचीं दोन वर्षें त्यांनीं एका कॉलेजासाठीं देणग्या गोळा करण्यांत घालविलीं.

दिशा सांपडली ती अमेरिकस गांवाजवळच्या एका शेतावर. 'कॉइनोनिया' हें त्याचें नांव. नव्या कराराच्या ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ सहभागिता. शेतकीचे पदवीधर आणि ग्रीक नव्या कराराचे पंडित क्लॅरेन्स जॉर्डन यांनीं पत्नी व एका मित्रदांपत्यासह १९४२ सालीं तें स्थापिलें होतें. तेथें काळे आणि गोरे एका मेजावर जेवीत. एवढ्याच अपराधासाठीं १९५६ च्या सुमारास गांवच्या व्यापाऱ्यांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला, घरांवर गोळ्या झाडण्यांत आल्या, रस्त्याकडेच्या त्यांच्या दुकानावर बाँब पडला. (बहिष्कार म्हणजे काय हें आपल्याकडील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.) जवळपास कोणी माल घेईना, तेव्हां त्यांनीं पिकॅन नांवाचीं अक्रोडासारखीं फळें टपालानें दूरच्या गिऱ्हाइकांस विकून दिवस काढले.

१९६५ मध्यें फुलर दांपत्य तेथें घटकाभर भेटीस म्हणून गेलें आणि महिनाभर राहिलें. १९६८ सालीं तें पुन्हां आलें. शेताभोंवतालचे काळे मजूर फळ्यांच्या मोडक्या खोपटांत राहत. बँका त्यांस दारांत उभें करीत नसत. जॉर्डन यांचें म्हणणें असें कीं, या लोकांस भिक्षा नको, भांडवल पाहिजे. म्हणून शेताच्या जमिनींत अर्ध्या-अर्ध्या एकराचे ४२ तुकडे पाडण्यांत आले. घर फुकट द्यावयाचें नाहीं, विकतच द्यावयाचें. परंतु त्यावर नफा घ्यावयाचा नाहीं आणि व्याजहि नाहीं. गरिबास दिलेल्या कर्जावर व्याज घेऊं नये, ही निर्गमाच्या पुस्तकांतील आज्ञा त्यांनीं शब्दशः मानली.

याचा फरक किती पडतो, हें विद्यार्थ्यांनीं वहींत करून पाहावें. घराचा खर्च ६,००० डॉलर व फेडीची मुदत २० वर्षें धरा. व्याज नसेल तर २४० हप्ते, दरमहा २५ डॉलर. दरसाल शेंकडा ८ प्रमाणें व्याज लावलें कीं हप्ता ५० डॉलरांवर जातो आणि एकंदर फेड १२,००० डॉलरांहून अधिक होते. म्हणजे मजूर राहतो एका घरांत आणि पैसे भरतो दोन घरांचे. १८७५ सालीं ज्या शेतकऱ्यांनीं सुप्यास सावकारांचीं खतें जाळलीं, त्यांस हें गणित शिकविण्यास मास्तर लागला नव्हता.

योजनेंत आणखी एक खुबी होती. आलेला हप्ता 'मानवता-निधी'त पडे आणि त्यांतून पुढचें घर उभें राही. घेणारा घेतां घेतांच देणारा होई. पण निधीचा आरंभीचा पैसा कोठून आणावयाचा? त्यासाठीं पत्रें लिहावीं लागत, अनोळखी माणसाच्या दारीं जाऊन त्याचें मन वळवावें लागे. उशा आणि पुस्तकें विकणाऱ्यास ही विद्या चांगली अवगत होती. जी हुशारी फुलर पैशाबरोबर मागें टाकून आले होते, तीच या कामास हवी होती!

पहिलें घर पुरें होण्यापूर्वींच, १९६९ च्या ऑक्टोबरांत, जॉर्डन आपल्या लिहिण्याच्या खोपींत हृदयविकारानें वारले. साध्या लांकडी पेटींत घालून त्यांस शेतावरच पुरण्यांत आलें. फुलर यांनीं काम थांबूं दिलें नाहीं. १९७३ पासून तीन वर्षें त्यांनीं त्या वेळच्या झाईर देशांत म्बांडाका येथें हीच रीत चालवून पाहिली, आणि १९७६ सालीं अमेरिकसला 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था स्थापिली. घर घेणाऱ्यानें स्वतः त्याच्या बांधकामावर राबलें पाहिजे, हा तिचा नियम. १९८४ मध्यें माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं न्यूयॉर्कमध्यें हातोडा हातीं घेतला आणि संस्थेचें नांव सर्वतोमुखी झालें. तेच कार्टर २००६ सालीं आपल्या लोणावळ्याजवळ आले होते. १०० घरांचें तें काम देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं घर घेणाऱ्या कुटुंबांच्या खांद्याशीं खांदा लावून केलें.

शेवटची हकीकत लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. २००५ सालीं नियामक मंडळानें फुलर यांस संस्थेंतून दूर केलें. एका कर्मचारी स्त्रीची त्यांच्या वर्तनाविषयीं तक्रार होती. मंडळास पुरेसा पुरावा मिळाला नाहीं, पण त्या निमित्तानें वाढलेलें वितुष्ट मिटलें नाहीं. वयाच्या सत्तराव्या वर्षीं, आपणच स्थापिलेल्या संस्थेचें दार बंद झालें असतां, त्यांनीं त्याच वर्षीं, त्याच गांवीं, गरिबांसाठीं घरें बांधणारी दुसरी संस्था काढली. ३ फेब्रुवारी २००९ रोजीं ते वारले. त्यांस मूठमाती देण्यांत आली ती कॉइनोनियाच्याच शेतावर, जेथें चाळीस वर्षांपूर्वीं जॉर्डन यांस दिली होती.